हे वाचणार नाहीत

आमच्या ह्यांना कुणीही भेटो, हातात पुस्तक कोंबून हे म्हणणार, "मरायच्या आधी हे वाचलंच पाहिजे." जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हाही हेच. पोहे गार झाले, पोरगा घामाघूम. मी शेवंती, ह्यांची बायको. माझ्यावरही खूप प्रयोग झाले, पण मी पुरून उरले.

ह्यांचं नाव जयवंत. अंधेरीच्या एमआयडीसीत पॅकिंग खात्यात जन्म काढला. रिटायर झाल्यावर लोक देवदर्शनाला निघतात. ह्यांनी आमच्या नाहूरच्या सोसायटीत जिन्याखाली कपाट मांडलं आणि घरातली सगळी पुस्तकं त्यात नेऊन ठेवली. कुलूप नाही, नोंद नाही. न्या, वाचा, परत आणा. लोकांनी नेली हो, परत कोण आणतंय! कपाट ओस पडलं. मग सेक्रेटरी चंद्रप्रकाश म्हणाला, "काका, कुणी वाचत नाही. कपाट काढून पार्सलचा रॅक लावू. रविवारी मीटिंगमध्ये ठरवून टाकू."

ह्यांना घास गिळवेना. "मीटिंगमध्ये एक प्रकरण वाचून दाखवतो. ऐकून विरघळतील." विरघळतायत कसले, पळतील! पण तोंडावर बोलवेना. त्या कपाटात ह्यांचा जीव आहे, मला काय माहीत नाही?

आणि नेमकी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला शनिवारची तारीख मिळाली. ऑपरेशन झकास झालं, पण डॉक्टरीणबाईंनी दम भरला, "काका, आठवडाभर वाचायचं नाही." परतताना रिक्षातच मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, "ह्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाल्या, आता हे वाचणार नाहीत. उद्या मीटिंगला वाट बघू नका."

धडाधड जोडलेले हात आले. खालच्या मजल्यावरच्या पद्मजाने लिहिलं, "काकू, खंबीर राहा." मोतीबिंदूला एवढी माया! मला भरूनच आलं.

सकाळी बेल वाजली. दारात पद्मजा, पांढऱ्या ड्रेसमध्ये. तिच्यामागे अर्धी बिल्डिंग, आणि प्रत्येकाच्या हातात पुस्तक.

"काकू, गेलेल्या... म्हणजे, जाणाऱ्या माणसाची वस्तू घरात ठेवू नये, सासूबाई म्हणाल्या."

"कोण जाणारा?" मी विचारतेय, तेवढ्यात आतून काळा चष्मा लावून हे अवतरले. "शेवंती, चहा टाक गो. कोण इलाहा?"

पद्मजाचं पुस्तक धप्पकन खाली पडलं. "काकू, तुम्हीच लिहिलंत ना, वाचणार नाहीत म्हणून?"

"अगो, पुस्तक! पुस्तक वाचणार नाहीत! मेल्यांनो, माझं कुंकू पुसायला निघालात?"

ह्यांना मात्र काय आनंद! सोफ्यावर बसून एकेक पुस्तक हाताने चाचपत विचारू लागले, "वाचलंस?" कुणी म्हणे सुरू केलंय, कुणी म्हणे सुट्टीत वाचणार. मेलेल्यापुढे "फार छान होतं" म्हणून सुटता येतं, जित्यापुढे वाट लागते. ह्यांचा चेहरा हळूहळू उतरला. माझा जीव तुटला.

सगळ्यात शेवटी चंद्रप्रकाश आला, धापा टाकत. काखेत जाडजूड पुस्तक.

"काका, आहात ना? देवाची कृपा! ह्याची थोडीच पानं राहिलीत, पण आई म्हणाली आत्ताच्या आत्ता परत दे. म्हटलं, तुम्ही गेलात तर शेवट कोण सांगणार? ती बाई घरी परत जाते की नाही?"

मेला! कुणी वाचत नाही म्हणणारा हाच. हे सोफ्यावर पुढे सरकले. मग घसा खाकरला. "ती बाई ना..."

"काका, सांगू नका!" पद्मजा ओरडली. "ह्याचं झालं की मी नेणार."

"मग मी," मागून कुणीतरी म्हणालं.

"न्या रे सगळे," हे म्हणाले. "पण परत आणून ठेवाल कुठे? पार्सलच्या रॅकवर?"

चंद्रप्रकाशने मान खाली घातली. पुस्तक पुन्हा काखेत मारलं. "राहू दे कपाट, काका. रॅकचं गेटपाशी बघू. मीटिंगमध्ये मीच सांगतो."

ह्यांच्या काळ्या चष्म्याखालून पाणी ओघळलं.

"डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय!" मी खेकसले, आणि पदर माझ्याच डोळ्यांना लावला.