कॉलरवरचा माइक

दत्तामामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी चाकणला कंपनीत, चालू मशिनशेजारी उभा होतो. मामेबहीण स्वाती काहीतरी सांगत होती आणि मी ओरडत होतो, "मोठ्यानं बोल, ऐकू येत नाही." शेडबाहेर आल्यावर कळलं... त्याला आता महिना होत आला.

मामांची सगळी नोकरी प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या मशिनांच्या दणदणाटात गेली आणि नोकरीबरोबर कानही गेले. घरात मामी समोर येऊन सावकाश बोलायची, तिथं त्यांचं भागायचं; चार माणसं जमली की घोटाळा. एका लग्नात कुणी विचारलं, "चहात साखर किती?" मामा म्हणाले, "एकच. इंजिनिअर आहे, स्थळ बघतोय." सगळे हसले. त्यानंतर तब्येतीचं कारण सांगून ते कुठल्याच कार्याला जाईनासे झाले.

शेवटी स्वातीनं त्यांना कानातली मशिनं घेऊन दिली, सोबत बोटाएवढा माइक. समोरच्याच्या कॉलरला तो अडकवला की गोंगाटातही त्याचं बोलणं थेट मामांच्या कानात. मग काय, दिसेल त्याला मामा माइक लावू लागले. भाजीवालाही सुटला नाही.

स्वातीच्या लग्नाची बोलणी पिंपरीतल्या एका हॉटेलात ठरली. गाणी जोरात लागलेली, म्हणून मामांनी मुलाच्या वडिलांना माइक लावला. थोड्या वेळानं ते बायकोला घेऊन दाराशी गेले, ते माइकसकट. मामा शांतपणे वडा-सांबार खात राहिले. दोघं परत येऊन बसल्यावर मामा म्हणाले, "राव, पोरगी नोकरी सोडणार नाही. लग्नानंतर हळूहळू समजावू म्हणालात ना, ते तुम्हीच आत्ता समजून घ्या."

मुलाच्या वडिलांचा हात कॉलरकडे गेला. मग मुलगाच म्हणाला, "बाबा, मी घरी हेच सांगत होतो. तिची नोकरी राहील." स्वाती त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

लग्न झालं. दोघे व्याही पुढं इतके जिवलग झाले की संध्याकाळी फिरायला बरोबरच. व्याही स्वतःहून माइक लावून घ्यायचे. वाटेत घरून फोन आला की मात्र तो काढून खिशात ठेवायचे. खिशातूनही सगळं ऐकू येतं, हे मामांनी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

परवा संत तुकाराम नगरला मामीकडे गेलो. ती चटणी वाटत होती. मला बघून तिनं आधी मिक्सर बंद केला, मग पंखा. अगदी समोर येऊन उभी राहिली आणि एकेक शब्द सुटा करत सावकाश म्हणाली, "जेवून... जा."