शेवटचं गाणं उगाच ताणलंय

मंडळी, आज सकाळी सवयीनं आमच्या म्हैसूरच्या मेटल ग्रुपवर लिहिलं, "हेवी मेटलच्या त्या पहिल्यावहिल्या अल्बममधलं शेवटचं गाणं उगाच ताणलंय."

दर रविवारी मी हेच लिहायचो, नजरबादच्या पांडूला डिवचायला. पांडू टेलर. शिवणयंत्र थांबवून लगेच व्हॉइस मेसेज टाकायचा, "सुम्निरो! गप्प बस! गिटार रडते रे त्यात, तुला कान आहेत का?" मग दुपारपर्यंत आमची जुंपायची.

पांडू जाऊन महिना होत आला. हे आठवलं ते पाठवून झाल्यावर.

मेसेज पुसणार तेवढ्यात उत्तरं आली. "बरोबर आहे." "मलाही कंटाळा येतो." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सगळे माझ्या बाजूनं, आणि मला रडू आवरेना.

मग पांडूच्याच नंबरवरून मेसेज आला. त्याची बायको होती.

"भावजी, ह्यांचा फोन बंद करवत नाही. ह्या मेसेजला ते काय म्हणायचे? सांगा की, मी तेच लिहिते."

अजून उत्तर दिलेलं नाही.

ते गाणं मस्त आहे हो. कुणी भांडेल का माझ्याशी?