आमची उंदीरवाली

माझी बायको पांढरा उंदीर उचलायच्या आधी स्वतःचा तळहात गालाला लावून बघायची. हात गार असला तर पदरात चोळून ऊन करायची, मगच पिंजऱ्यात घालायची. चाळीस वर्षांच्या संसारात माझं अंग चेपताना तिनं असा हात कधी तपासला नाही. मी एकदा बोललो तसं. म्हणाली, "तुम्हले बोंबलता येस. त्यास्ले येत नही."

गाव तिला उंदीरवाली म्हणायचं. आमच्या भागातलं एक फार्मसी कॉलेज, नाव घेत नाही. तिथं मी गेटवर वॉचमन आणि ती प्राणीगृहात रोजंदारीवर. उंदीर, ससे, त्यांचं खाणं-पाणी, भुसा बदलणं. मी चौथी पास, ती शाळेची पायरी चढली नाही. पण कुठला उंदीर आजारी पडणार ते तिला सगळ्यांच्या आधी कळायचं. उंदरानं मिशा साफ करायचं सोडलं, डोळ्याच्या कडेला लाल पाणी आलं, की ही सरांना बोलवायला निघाली. शिकायला आलेल्या पोरी उंदीर धरायला तिच्याकडूनच शिकल्या.

घरी मात्र ती उंदरांना पिंजरा लावायची आणि सकाळी बादलीत बुडवायची. शेजारच्या बाया टोमणे मारायच्या, की कॉलेजातल्याला लाड आणि घरच्याला बादली? ती सरळ सांगायची, "घरना उंदीर मन्हा दाना खास. तठला उंदीर मन्हा करता औषध खास." एक माझा दाणा खातो, दुसरा माझ्यापायी औषध खातो, असा तिचा हिशेब. मी हसायचो. आता हसू येत नाही.

तिनं सगळे दिवस बघितले होते. सुरुवातीला पोत्यात भरून बेडूक यायचे, पोरं ते टाचण्या मारून फाडायची. मग वरून हुकूम आला, बेडूक बंद झाले, कॉम्प्युटरवर बेडूक आला. तिला बरं वाटलं. फक्त एवढंच म्हणाली, की पडद्यावरचा मरत नाही, मग पोरांचा हात थरथरायला शिकणार कधी? जीव घेऊच नये असं तिचं म्हणणं नव्हतं. घेतला तर तो घेतला असं सांगावं, एवढंच.

तिथले एक सर तोरणमाळच्या बाजूचं एक मूळ आणून सांधेदुखीवर पूड करत होते. हिचे स्वतःचे गुडघे गेलेले, त्यामुळे त्या पुडीची सरांपेक्षा हिलाच घाई. जास्त पूड दिलेल्या पिंजऱ्यात सहा उंदीर होते. चार मेले. सर म्हणाले, मावशी, दुसरे चार आणा आणि त्यांना तसेच खुणेचे पिवळे ठिपके लावा. तिनं लावले. इथं ती चुकली. तिला वाटलं, सर पहिल्यापासून सगळं परत करताहेत. घरी येऊन मला सांगितलं, की माणूस मेहनती शे.

आठ दिवसांनी एका विद्यार्थिनीनं तिला सरांची प्रयोगाची वही वाचून दाखवली. सहाच्या सहा उंदीर जिवंत. ती तशीच सरांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. "ज्या मरनात त्या मरनात लिखा, सर." सर हसले. चहा घ्या मावशी, म्हणाले.

पुढं बाहेरून तपासणीची समिती आली. त्यातल्या एका डॉक्टरनं सहज विचारलं, मावशी, सगळं ठीक ना? कुणी विचारलं की ही खरं सांगणार. सांगितलं. त्याच दिवशी सरांनी लिहून दिलं, की या बाईनं स्वतःच्या शेतातली फवारलेली भाजी आणून उंदरांना घातली, म्हणून ते मेले, मोजायचे नाहीत. तिला कामावरून काढलं.

आम्हाला शेत नाही. माझ्या आज्यालाही नव्हतं. समितीत कुणी विचारलं नाही, आणि मी गेटवर उभा होतो तो बोललो नाही. नोकरी जाईल म्हणून. सरांना मी सोडणार नाही, पण ही चूक माझीपण आहे, ती लिहून ठेवतो.

गावात उंदीरवालीची उंदीरमारी झाली. बाया तिच्या समोर म्हणायच्या, हिच्या हातचा चहा जपून प्या. तिनं किराणा दुकानात जायचं सोडलं. तीन वर्षं अशी गेली. मागच्या पौषात ती गेली. शेवटच्या दुखण्यात मला, सगळं माहीत असलेल्या मला, सांगायची, "मी काही घालेल नव्हतं."

या उन्हाळ्यात त्या वहीवाल्या पोरीचा फोन आला. ती आता दुसऱ्या गावी शिकवते. तेच मूळ तिनं तिथल्या उंदरांना दिलं. म्हणाली, "बाबा, माझेपण मेले." तिनं वर कळवलं होतं. सरांची चौकशी लागली.

मग सर माझ्या दारात आले. शाल, नारळ घेऊन. प्राणीगृहाला मावशींचं नाव देऊ म्हणाले, तुम्ही चौकशीत फक्त तिनं भाजी घातली होती एवढं सांगा. मी त्यांना बसा म्हणालो नाही. पाणी विचारलं नाही. तिनं विचारलं असतं. नारळ त्यांच्याच गाडीत नेऊन ठेवला.

चौकशीच्या दिवशी मी तलाठ्याकडून काढलेला भूमिहीनचा दाखला घेऊन गेलो. जन्मभर ज्या कागदाची लाज वाटली तो कागद. साहेबांपुढं ठेवला आणि चौथी पास असून म्हणालो, मला धड वाचता येत नाही, सरांनीच वाचून दाखवावा. सरांनी वाचला. या इसमाच्या किंवा त्याच्या पत्नीच्या नावे कोठेही शेतजमीन नाही. मी म्हणालो, ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा वाचला. मी तिसऱ्यांदा पण सांगणार होतो, साहेबच म्हणाले, पुरे.

पूड बंद झाली. सरांची नोकरी आहे अजून, आणि मीही आहे. तिचा दोष नव्हता असं शिक्क्याचं पत्र मला मिळालं. ते मी फोटोपुढं ठेवलं नाही. खिशात घालून घरोघर निघालो. जी जी बाई, जो जो बाप्या तिला उंदीरमारी म्हणाला, त्याच्या ओट्यावर उभा राहून पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत वाचतो. माणसं मान खाली घालतात, चहा ठेवायला सांगतात. मी पीत नाही.

तीन घरं राहिलीत. ती माणसं सुरतेला कामाला गेलीत. दिवाळीला येतील.