कुट्टी मशीनचं झाकण

सोळा ऑक्टोबर, सोमवार. मशीनची किंमत अठ्ठावीस हजार पाचशे. धुळ्यातल्या आमच्या डीलरच्या दुकानासमोर हजर माणसं चार: डीलर, साक्रीकडचा एक म्हातारा शेतकरी, त्याचा थोरला मुलगा आणि मी. धाकटा मुलगा दवाखान्यात होता. चारा घालताना त्याचा उजवा हात आमच्या कडबा कुट्टीत कोपरापर्यंत गेला होता.

मी जळगावच्या कारखान्यात प्रॉडक्ट हेड आहे. कोणतं मशीन काढायचं, त्याला काय लावायचं, काय गाळायचं, यावर शेवटची सही माझी. साहेब काय करतात, असं कुणी विचारलं की बायको सांगते, मीटिंगा. त्या दिवशीची मीटिंग रस्त्यावर होती.

त्यांनी मशीन ट्रॉलीतून उतरवलं नाही, ढकललं. ते डांबरावर आपटलं आणि पात्यांमधून काळा पडलेला गोळा बाहेर आला. त्यात चारा होता, आणि चारा नव्हे असंही काही होतं. डीलरने तोंड फिरवलं.

थोरल्याने घण माझ्या पायाशी टाकला. “हाई तू बनाडी ना? मंग तूच फोड!”

माणसाचं रक्त प्यायलेलं अवजार त्यांना दारात नको होतं, भंगारातही द्यायचं नव्हतं; बनवणाऱ्यानेच येऊन ते फोडावं, असा निरोप त्यांनी आधीच धाडला होता. आमच्या विक्रीप्रमुखाने फोनवर सांगितलंच होतं, “फोडा आणि या. पुरावाच राहत नाही.” चार घाव घातले असते तर मी जेवायला घरी असतो. पण हात का गेला हे मला कळलं नव्हतं, आणि तसलीच मशिनं गोठ्यागोठ्यांत चालू होती.

“आधी बघतो. मग फोडतो,” मी म्हणालो.

थोरल्याचा पहिला ठोसा तोंडावर बसला. दुसऱ्याने मी मशीनवर पडलो आणि पातं तळहातात घुसलं. मी मशीन सोडलं नाही. तो लाथा घालत होता. “काय देखस? हात धुंडस का त्याचा?”

“थांब रे!” म्हातारा ओरडला. “मरी जाई तो. देखू दे त्याले.”

चारा घालायच्या तोंडावर आमचं लोखंडी झाकण असतं, हात आत ओढला जाऊ नये म्हणून. इथे ते नव्हतं. “आबा, झाकण कुठंय?” मी विचारलं.

“कसं झाकण?”

मी दुकानात गेलो. खताच्या गोण्यांमागे झाकणांची थप्पी लावलेली होती.

“ओला मका अडकतो त्यात, साहेब,” डीलर म्हणाला. “आधी लोक काढून मागायचे. आता मीच काढून देतो.”

मागोमाग घण घेऊन आत आलेल्या थोरल्याने काउंटरची काच फोडली. दुसरा घाव डीलरच्या डोक्यावर येत होता. मी आणि म्हाताऱ्याने त्याला मागून धरलं, तेव्हा घणाचा दांडा माझ्या बरगडीत बसला. म्हाताऱ्याने मुलाच्या थोबाडीत दिली. “घरमा आते तूच एक धड शे. तूबी जेलमा जाशी?” मुलगा तिथेच खाली बसून रडायला लागला.

डीलरचं चुकलंच. पण मका अडकतो हेही खरं निघालं. आम्ही झाकण तपासलं होतं ते कोरड्या कडब्यावर. विक्रीप्रमुखाला सगळा दोष डीलरवर हवा होता. मी अहवालात दोन्ही लिहिलं, विक्री थांबवली, आणि झाकण नसेल तर मोटर सुरूच होणार नाही असं मशीन करायला घेतलं. आहेत ती मशिनं परत बोलावली.

त्याआधी, त्याच दुपारी, फोटो आणि मापं घेऊन झाल्यावर मी बांधलेल्या हाताने घण उचलला आणि ते मशीन फोडलं.

म्हाताऱ्याला अठ्ठावीस हजार पाचशे परत मिळाले. काचेचे तीन हजार आठशे थोरल्याने डीलरला दिले. मी देत होतो, त्याने देऊ दिले नाहीत. कंपनीचे सहा लाख आणि डीलरचा एक, असे सात लाख धाकट्याच्या बायकोच्या खात्यात जमा झाले.