डावा की उजवा?

आमची वहिनी कानाची मशीनं बनवणाऱ्या कंपनीत प्रोग्रामर आहे. मशीन बिघडलं की त्याच्या पोटात काय चाललंय ते बघायला तिने एक टूल लिहिलंय. काळ्या खिडकीत कमांड टाइप केली की ते सुरू होतं. पण आधी चौकशी. मॉडेल कोणतं? डावा कान की उजवा? आवाज किती? जुन्या नोंदी पुसू का? दर वेळी तेच. मी त्याला आत्याबाई म्हणते. वहिनी न वाचताच एंटर दाबत सुटते.

आमच्या बाबांचं मशीन तिच्याच कंपनीतलं. चालू केलं की कानात अशी किंचाळी मारायचं की बाबा ते काढून डबीत ठेवायचे. पुढे ते डबीतच राहिलं. जेवताना सगळे हसले की बाबाही हसायचे, कशाला ते न कळता. मला ते बघवायचं नाही. वहिनीने मशीन कितीदा टूलला जोडलं, पण दर वेळी सगळं ठीकठाक. कंपनीतले म्हणाले, वय झालं, भास होत असतील. माझं तर डोकंच फिरलं.

रविवारी तिने पुन्हा मशीन जोडलं. मी शेजारी मटार सोलत होते. आत्याबाई सुरू झाल्या, "डावा की उजवा?"

मी वैतागून म्हटलं, "अगं, हिची चौकशी संपेपर्यंत ते मशीन ओरडून गप्पसुद्धा बसत असेल."

वहिनीचं बोट एंटरवरच थांबलं. "परत बोल."

खरंच की. वायर जोडताक्षणी मशीन चालू व्हायचं, आणि टूल लक्ष द्यायला लागायचं ते प्रश्न संपल्यावर. बैल गेला नि झोपा केला.

मग काय विचारता, वहिनी नुसती पेटली. सगळी उत्तरं तिने एकदाच एका फाइलमध्ये लिहून ठेवली. आता टूल न विचारता ती वाचून घेणार. प्रश्न एकच ठेवला, जुन्या नोंदी पुसायची वेळ आली तरच विचारायचा.

"तोही काढ ना," मी म्हटलं.

"पुसलेलं परत येत नाही गं. ते विचारायलाच हवं."

कमांड दिली, वायर जोडली आणि काळ्या खिडकीत लाल ओळ उमटली. आवाज किती ठेवायचा ही स्वतःच्या आतली सेटिंग वाचायच्या आधीच मशीन पूर्ण आवाजात चालू होत होतं. वहिनी अशी ताडकन उठली की मटार घरभर झाले. मी ते तुडवत नाचले. वहिनीने तिथेच बसून चूक सुधारली आणि दुरुस्त प्रोग्राम लगेच मशीनमध्ये भरला.

"नको सूनबाई," बाबा मागे सरकले.

"एकदाच, बाबा."

तिने मशीन कानात बसवलं तसे त्यांनी डोळे गच्च मिटले. काहीच झालं नाही. मग हळूच एक डोळा उघडला.

"आतला नळ गळतोय का?"

"हो बाबा."

"आणि ही काय पुटपुटतेय?"

"घ्या," आई म्हणाली, "आता मेलं पुटपुटायचीही सोय राहिली नाही." पण डोळे पुसत होती.

मग जी चौकशी सुरू झाली ती थांबेचना. जिन्यात कोण बोलतंय? घड्याळ पहिल्यापासूनच टिकटिकतं का? बाबा तेच तेच पुन्हा विचारत होते. वहिनी समोर बसून प्रत्येकाचं उत्तर देत होती.

"नळ गळतोय का गं?"

"हो बाबा, गळतोय."