एक फाइल जास्त

लॅपटॉप उघडून परत बंद केला की एखादा स्क्रू हमखास उरतो. फेकवत नाही म्हणून मी तो डबीत टाकते. किश्श्यांचंही तसंच. सडक अर्जुनीत हायवेला लागून माझं रिपेअरिंगचं दुकान आहे, आणि नऊ वर्षांत डबी बरीच भरली.

पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ जुन्या लॅपटॉपमध्ये विंडोज टाकायला आले. मी सेटिंग बदलली, पेनड्राइव्ह लावला, कामाला लागले. तासभर ते बाकावर वाट पाहत होते. शेवटी म्हणाले, "मेकॅनिक कवा येते?"

तोवर त्यांचं विंडोज टाकून झालं होतं.

दवनीवाड्याच्या एका शिक्षिकेचा लॅपटॉप विंडोज टाकताना चौसष्ट टक्क्यांवर अडायचा. तीनदा अडला. दुसऱ्या दिवशी त्यांना त्यावरूनच शाळेचा निकाल काढायचा होता, त्यामुळे घाम त्यांनाही आणि मलाही. चौथ्या खेपेला मी रॅमच्या, म्हणजे आतल्या मेमरीच्या, दोन पट्ट्यांपैकी बिघडलेली एक काढून ठेवली, तर गाडी थेट शंभरवर.

बाई म्हणाल्या, "काढल्यावर चाललं, त मंग ठेवली कायले होती?"

एका मुलीच्या नोकरीच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता आणि वेबसाइट काही केल्या उघडेना. तिच्या भावाचं म्हणणं, सगळं उडवून नव्यानं विंडोज टाका. ती रडकुंडीला आली होती. मी कोपऱ्यातली तारीख पाहिली. आतला सेल संपल्यानं लॅपटॉप चौदा वर्षं मागे गेला होता. तारीख नीट केली, साइट उघडली. ती डोळे पुसत म्हणाली, "तवा त मी दुसरीत होती."

आणि रहांगडालेकाका. त्यांच्या आईनं म्हटलेली पोवारी बोलीतली लग्नाची गाणी त्यांनी जुन्या लॅपटॉपवर रेकॉर्ड केली होती. एकेचाळीस गाणी. आई जाऊन चार वर्षं झालेली. विंडोज सुरू होईना म्हणून ते आले. गाणी डी ड्राइव्हमध्ये आहेत, तेवढी सांभाळा, एवढंच त्यांचं मागणं.

इन्स्टॉल करताना पडद्यावर सी, डी अशी ड्राइव्हची नावं दिसत नाहीत, नुसते आकडे दिसतात. डिस्कचे दोन भाग आकारानं जवळपास सारखेच. विंडोजचा समजून मी एक डिलीट केला आणि उरलेल्याकडे पाहिलं, तर विंडोज त्यातच होतं.

 खोटं बोलता आलं असतं. मी सांगून टाकलं की चुकून गाण्यांचाच भाग उडाला. काका बाकावर बसले. विचारलं, "थांबू का?"

मी हार्डडिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली आणि पुसलेलं शोधायला लावलं. सकाळी दहाला सुरू केलेलं काम पाचला संपलं. तोवर काका बाकावरून हलले नाहीत. फाइली मिळाल्या, पण नावं गेली होती. काका एकेक ऐकून नाव सांगत गेले, मी लिहीत गेले. एकेचाळीस झाली.

तरी एक फाइल उरली. ती लावली. गाणं नव्हतंच. आधी खोकला, मग म्हातारीचा आवाज, "बस झालं रे आता, थकली मी. तू जेवला का?"

काका म्हणाले, "ही मीच काढून टाकली होती. गाणं नव्हतं ना."

मग म्हणाले, "अजून एकदा लाव, पोरी."