झोपलेल्या देवाचा फेरफार

पेडगावच्या तलाठी धम्मशीलाबाई आठवडाभर शेतजमिनीचे फेरफार बघायच्या आणि रविवारी देवांचे. देवही कसले, तर शंभर वर्षांपूर्वी परदेशातल्या काही भयकथाकारांनी मनानं रचलेले, समुद्राच्या तळाशी झोपलेले. त्यांच्यावर बाईंची पीएचडी चालली होती. ऑफिसात थट्टा व्हायची, “मॅडम, त्या देवाच्या नावावर किती एकर हाय?” बाईही हसायच्या. पण आठ वर्षं त्यांनी ना सण पाहिला ना लग्नकार्य. मुलखाची चिवट बाई!

व्हायवाच्या, म्हणजे पीएचडीच्या तोंडी परीक्षेच्या दिवशी मागच्या बाकावर आई येऊन बसली. पंचफुलाबाई, जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपलेली. बाहेरगावचे परीक्षक प्रबंध मिटत म्हणाले, “पाच लेखक, पाच कथा आणि सगळीकडे तोच देव, तोच प्राचीन ग्रंथ. म्हणजे मुळाशी खरी श्रद्धा असणारच. ती तुम्हाला सापडलेली नाही. पुन्हा शोधा.”

धम्मशीलाची आठ वर्षं पाण्यात जायला निघाली होती. प्रबंधाच्या शेवटी जोडलेला तक्ता परीक्षकांनी उघडलाही नव्हता, हे तिला दिसत होतं, आणि तिला रागच आला. तिनं तो उघडून टेबलावर पसरला. कुणाकडून, कुणाकडे, कधी, कशाच्या आधारे, असे तलाठ्याच्या फेरफारासारखेच रकाने होते.

“सर, हा देव पहिल्यानं रचला. दुसऱ्यानं मैत्रीत उसना घेतला. तिसऱ्यानं त्याच्यासाठी जुना ग्रंथ रचला, आणि मग पहिल्यानंच पुढच्या कथेत त्या ग्रंथाचा पुरावा दिला. चौथा-पाचवा याच दोघांचा हवाला देतात. चौघांनी एकमेकांची साक्ष दिली म्हणून पाचव्याचं शेत होतं का? मूळ नोंदच नाही. त्यांनी ती मुद्दाम ठेवली नाही. वाचक देवाच्या रूपाला भीत नाही, सर. तो या कागदांना भितो. माझा प्रबंध एवढंच म्हणतो.”

परीक्षकांनी चष्मा चढवला, एकेक तारीख बोटानं ताडून पाहिली. एकही चुकली नव्हती. मग ते खुर्चीवरून उठले.

“चूक माझी झाली,” ते म्हणाले. “अभिनंदन, डॉक्टर.”

टाळ्या वाजल्या. धम्मशीलाला रडू आवरेना. पंचफुलाबाई मात्र उठून तक्त्याजवळ आली आणि रकान्यांवरून हात फिरवत राहिली.

“माय, येवढं करायलीस तर आनखी एक बघ,” ती म्हणाली. “आमी लहान व्हतो तवा आपल्या लोकांनी वरच्या आळीतल्या आडाला शिवलं की देव कोपतो म्हनायचे. लय भ्यायचो आमी. त्याची मूळ नोंद कुठं हाय?”



“कुठंच न्हाई, माय,” धम्मशीला म्हणाली. “सगळ्यात आधी तीच शोधली व्हती.”